फक्त आग जपानची

जपानच्या दक्षिण टोकाला, पूर्वीच्या सात्सुमा संस्थानात घडलेल्या काही जुन्या चहाच्या वाट्यांना ‘हिबाकारी’ म्हणतात. हिबाकारी म्हणजे ‘फक्त आग’. त्यांची माती कोरियाची, झिलई कोरियाची आणि घडवणारे हातही कोरियाचे. जपानचा वाटा काय, तर भट्टीतल्या आगीचा. हे नाव जपान्यांनीच दिलं आणि या वाट्यांना त्यांनी भलताच मान दिला. कैद करून आणलेल्या कारागिराच्या कामाचं इतकं प्रामाणिक हिशेबपत्र क्वचितच सापडेल.

1998 मध्ये, हे कोरियन कुंभार आणल्याला 400 वर्षं झाली तेव्हा, त्यांच्यातल्याच एका घराण्याचे चौदावे शिम सू-ग्वान यांनी हा हिशेब उलटा मांडला. त्यांचा मूळपुरुष शिम दांग-गिल कोरियातल्या ज्या नामवन शहरातून आणला गेला, तिथून त्यांनी जहाजातून विस्तव आणला. आता माती जपानची, हात जपानचे आणि आग तेवढी कोरियाची. त्याच वर्षी दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग आणि जपानचे पंतप्रधान ओबुची यांनी तोक्योत मैत्रीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. हा जाहीरनामा पुढे किती टिकला, हे दोन्ही देशांतली वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना माहीत आहे.

हे शिम मोठे सडेतोड गृहस्थ. 1960 च्या दशकात सोलमध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी सांगितलं होतं की तुम्ही जपानी राजवटीची 36 वर्षं मोजत बसलात, तर मला 370 वर्षं मोजावी लागतील. कोरियाबद्दलची ओढ जन्मभर जपलेला माणूस हे बोलला, म्हणून ते ऐकून घेतलं गेलं.

त्या 370 वर्षांची सुरुवात तोयोतोमी हिदेयोशीपासून होते. चीन जिंकायच्या वेडात त्याने 1592 मध्ये कोरियावर स्वारी केली आणि 1597 मध्ये पुन्हा केली. दुसऱ्या स्वारीत मेलेल्यांची आणि कित्येकदा जिवंत माणसांचीही नाकं कापून मिठात घालून जपानला धाडली गेली. क्योतोत ती जिथे पुरली, तो ढिगारा आजही उभा आहे. त्याला ‘कानांचं थडगं’ म्हणतात, पण त्यात आहेत ती नाकं. तशाच गलबतांतून कुंभारही गेले.

कुंभारच का? जपानी सरदारांना तेव्हा चहाविधीचं वेड लागलं होतं आणि या विधीतल्या सर्वात नावाजलेल्या वाट्या होत्या कोरियाच्या. त्यांतल्या पुष्कळशा तिकडच्या साध्या, रोजच्या वापरातल्या. शिवाय पांढरीशुभ्र, टणक पोर्सिलेनची भांडी घडवायची विद्या जपानकडे नव्हती. म्हणून परतताना जो तो सरदार आपापले कुंभार घेऊन आला. मोरींच्या मुलुखात हागीची भांडी सुरू झाली. नाबेशिमांच्या मुलुखात अरिताची झाली. तिथे यी साम-प्योंग या कोरियन कुंभाराला 1616 च्या सुमारास पोर्सिलेनचा दगड सापडला, अशी परंपरा आहे. पुढे हीच भांडी डच व्यापाऱ्यांनी युरोपभर नेली. अरिताने 1917 मध्ये यीचं स्मारक उभारलं. कोरिया जपानच्या टाचेखाली येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. यीच्या वंशजांकडच्या कागदांत तर असंही म्हटलंय की त्याने जपानी सैन्याला वाट दाखवली होती. स्मारक कोणी आणि कोणासाठी उभारायचं, हा वाद अशा वेळी मातीपाशी थांबत नाही.

सात्सुमाचा सरदार शिमाझु योशिहिरो याने 70-80 माणसं आणली. काही वर्षांनी ती नाएशिरोगावा गावात वसली. आज या गावाला मियामा म्हणतात. पाक नावाच्या एका कुंभाराला पांढरी माती सापडली. त्यातून बारीक तड्यांच्या झिलईची ‘पांढरी सात्सुमा’ भांडी घडली. ती धन्यासाठी राखून ठेवलेली होती. रयतेने वापरायची ती काळी.

संस्थानाने या गावाचं जे केलं ते फार चमत्कारिक आहे. लोकांनी कोरियन नाव, कोरियन पोशाख आणि कोरियन भाषा सोडायची नाही, गावाबाहेर लग्न करायचं नाही, असा हुकूम होता. कोरियाचं एखादं गलबत किनाऱ्याला लागलं की दुभाषे म्हणून याच गावातली माणसं कामाला येत. राखलेली परकी माणसं म्हणजे सरदाराची श्रीमंतीही होतीच. 1607 पासून कोरियाचे दूत बंदी परत न्यायला येऊ लागले, तेव्हा बरीच माणसं मायदेशी गेली. कुंभार मात्र बहुतेक राहिले. सरदार त्यांना सोडायला तयार नव्हते. आणि तिकडे परतून काय मिळणार होतं? कोरियाच्या जोसॉन राजवटीत कुंभाराला खालची जात होती. इथे निदान सामुराईसारखा थोडा मान मिळत होता. कोरियात ही बाजू फारशी उगाळली जात नाही.

1868 नंतर संस्थानं गेली आणि तो मानही गेला. सरकारी नोंदीत गाव सामान्य प्रजा झालं. सामुराई कुळांत गणावं म्हणून गावाने वारंवार अर्ज केले आणि ते फेटाळले गेले. बाराव्या शिमनी 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात भव्य फुलदाण्या मांडल्या आणि सात्सुमा हे नाव युरोपच्या दिवाणखान्यांत गेलं. ते सगळं जपानचं नाव म्हणून गेलं. भांडी विकत होती, घडवणाऱ्यांची आडनावं मात्र लाजेची होऊ लागली होती. शाळेत त्या नावांवरून पोरं मार खात.

याच गावात 1882 मध्ये पाक घराण्यात एक मुलगा जन्मला. तो लहान असतानाच बापाने पैसे मोजून तोगो हे सामुराई आडनाव मिळवलं. मुलगा तोक्योत जर्मन साहित्य शिकला आणि मुत्सद्दी झाला. तोगो शिगेनोरी या नावाने पर्ल हार्बरच्या वेळी तो जपानचा परराष्ट्रमंत्री होता. 1945 मध्ये पुन्हा त्याच खुर्चीवर बसून शरणागतीसाठी झगडणाऱ्यांत तो पुढे होता. तोक्योच्या युद्धगुन्हे खटल्यात त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली आणि 1950 मध्ये तो कैदेतच वारला. 1978 मध्ये, युद्धात मेलेल्यांना पुजणाऱ्या यासुकुनी देवळाने ज्या 14 ‘अ’ वर्गाच्या युद्धगुन्हेगारांची नावं आपल्या पूजेत घेतली, त्यांत त्याचंही आहे.

जपानी पंतप्रधान यासुकुनीला गेले किंवा त्यांनी तिथे नैवेद्य धाडला की सोलचं परराष्ट्र खातं निषेधाचं पत्रक काढतं. रोख त्या 14 जणांवर असतो. त्यांतला एक पाक होता, हे पत्रकात लिहायची सोय कोणालाच नाही.