वरचं कापड खाली उतरतं तेव्हा

कपाट उघडायचं, दोन मिनिटं नुसतं बघत राहायचं आणि म्हणायचं, 'घालायला काहीच नाही.' माझ्या आजीने हे ऐकलं असतं, तर तिला ते खरंच वाटलं असतं. तिने ट्रंक उघडून काहीतरी काढून दिलं असतं.

त्या ट्रंकेत मोजून सहा लुगडी. एक नऊवार म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड. त्याचा प्रवास ठरलेला असे. नवं लुगडं सणावाराला, लग्नकार्याला. पुढचं नवं आलं की आधीचं एक पायरी खाली उतरायचं आणि बाजाराला जाताना नेसलं जायचं. त्यानंतर ते घरात, कामाला. मधे विरलं की तेवढा भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडायचे. याला दंड घालणं म्हणत. दंडही टिकेना झाला की त्याच कापडाची बाळाची दुपटी आणि लंगोट व्हायचे, उरलेलं गोधडीत जायचं. अगदी शेवटी पोतेरं. सहाच लुगडी, पण न नेसलेलं एकही नाही.

इथवर वाचून 'किती छान, किती साधं' असं वाटलं असेल, तर जरा थांबूया. सहा लुगडी ही आजीची आवड नव्हती, तेवढीच ऐपत होती. आणि तिच्याहून कमी असलेल्या बायका त्याच गावात होत्या.

कुणी काय घालायचं, कसं घालायचं, हे आपल्याकडे फक्त पैशाने ठरत नव्हतं. जात ठरवत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी वेगळं बोलले. लुगडं नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून जात लांबूनच ओळखू येते, ती सोडा, असं त्यांनी सांगितलं. कपडे फाटके असले तरी चालतील, पण स्वच्छ ठेवा, हाही आग्रह होता. म्हणजे ट्रंकेत भर न घालता, आहे तेच लुगडं वेगळं नेसून माणूस म्हणून उभं राहायचं. बायकांनी ते लगेच करून दाखवलं.

त्याआधी सहा वर्षं, ३१ जुलै १९२१ ला, मुंबईत परळला परदेशी कापडाची मोठी होळी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात मदुराईत गांधीजींनी सदरा-टोपी सोडली आणि पंचा नेसायला सुरुवात केली. त्यांनी कपडे कमी केले. बाबासाहेब पुढे सुटाबुटात वावरले. दोघांचे मार्ग उलटे दिसतात, पण दोघांनीही आपण काय घालतो आणि का, हे स्वतः ठरवलं होतं. कमी कपडे आणि निवडलेले कपडे यांतला फरक इथे आहे. गरिबीतलं 'कमी' लादलेलं असतं, त्याचं कौतुक करू नये.

मग आपलं 'जास्त' तरी निवडलेलं आहे का?

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये सूतगिरणीची कंपनी काढली आणि पुढे सव्वाशे वर्षं हे शहर कापडावर जगलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यातले कितीतरी परत कामावर गेलेच नाहीत. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. जिथे कापड विणलं जायचं, तिथे आता दुसरीकडे शिवलेले कपडे विकले जातात. कुठे शिवलेले, हे टॅगवर बारीक अक्षरात असतं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. बहुतेक जण स्वस्त तयार कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरीही त्यांना कामावर बोलावलं गेलं.

मागच्या दिवाळीत मी माझं कपाट रिकामं केलं. एकवीस टीशर्ट निघाले. त्यातले सात-आठच अंगावर जातात. बाकीचे सेलच्या रात्री फोनवर घेतलेले. गोधडीला द्यावेत म्हटलं, तर आईने हात लावून पाहिले. म्हणाली, "हे पॉलिस्टर. सुई सरकते, घाम टिपत नाही. याचं पोतेरंसुद्धा होत नाही बघ."

तेव्हापासून दोनच गोष्टी पाळतो. नवं घेताना विचारतो, हे उद्या कुठल्या पायरीवर उतरणार? आणि 'खास दिवसासाठी' ठेवलेला शर्ट वर्षभरात रोजच्या वापरात आणतो. वरचं खाली उतरलं, की वर काय कमी आहे ते नीट दिसतं. बहुतेक वेळा काहीच कमी नसतं.

आजीची गोधडी अजून घरात आहे. तिच्यातला एक जांभळा तुकडा आईच्या बारशाच्या वेळच्या लुगड्याचा आहे. थंडीत मी तीच घेतो.