खळ्यावरची ज्वारी आणि सेवाग्रामचे कॉलेज

आपल्या बोरगावच्या आसपास आज उच्च शिक्षणाची इतकी आवारे आहेत की बाहेरगावचा पाहुणा चकित होतो. सावंगीला 1990 मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे तिथे अभिमत विद्यापीठ झाले. आपण शाळा सोडली त्याच सुमारास, 1997 मध्ये, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले आणि पुढे वर्ध्याच्या उजाड टेकड्यांवर उभे राहिले. या दोन्हींच्या आधीचे आवार सेवाग्रामचे. मला त्याविषयीच लिहायचे आहे, कारण त्यातून आपल्या या मेळाव्यालाही काही घेता येईल.

गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी शेगावला आले. 1940 मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमात डॉ. सुशीला नायर आजाऱ्यांना पाहत. त्यातूनच बायका-मुलांसाठी लहानसा कस्तुरबा दवाखाना सुरू झाला. पुढे सुशीलाताई केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या, पण सेवाग्राम त्यांनी सोडले नाही. 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी या दवाखान्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. पहिल्या तुकडीत 60 विद्यार्थी होते. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राने, पाव राज्याने आणि उरलेला पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीने उचलायचा, अशी व्यवस्था होती.

इथे प्रवेश मिळाला की मुले आधी आश्रमात राहत. खादी, श्रमदान, प्रार्थना हे सारे आलेच. त्यानंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेई. मुले शिबिरासाठी त्या गावातच मुक्काम करीत. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवलेली असत आणि पुढेही त्यांची विचारपूस करायला जावे लागे.

माझ्या आजीचे गाव सेवाग्रामच्या बाजूचे. सुट्टीत तिथे गेले की खादीचा कुडता घातलेली एक मुलगी वही घेऊन अंगणात आलेली दिसे. "काऊन व पोरी, इतक्या उन्हाची आली?" म्हणत आजी तिला आधी पाणी देई, मग हात पुढे करी. तपासायला आलेली ती मुलगी आजीकडून बाळंतिणीला काय खायला देतात, कोणते देत नाहीत, तेही लिहून नेई. शिकवणे दोन्ही बाजूंनी चालले होते, हे मला फार उशिरा उमगले.

याहून मोठी गोष्ट ज्वारीची. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची योजना उभी केली. आपल्याकडे आरोग्य विमा हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता तेव्हाची ही गोष्ट. हंगामात खळ्यावर रास पडली की प्रत्येक घराने ज्वारी द्यायची. भूमिहीन मजुराने कमी, शेतकऱ्याने जमिनीप्रमाणे जास्त. गावातली बहुसंख्य घरे सामील झाली तरच ते गाव योजनेत. मग अचानक दुखणे आले तर कस्तुरबा रुग्णालयात सगळ्यांना सारखेच उपचार. पुढे ज्वारीचा पेरा घटला, सोयाबीन आले, पण तत्त्व तेच राहिले.

आजी दवाखान्यात गेली तर ताठ मानेने जाई. "फुकट नाही, ज्वारी देल्ली हाये," हे तिचे वाक्य घरात आजही म्हणतात.

काही खाटांचा तो दवाखाना आज शेकडो खाटांचा आहे. यवतमाळ, चंद्रपूर, अगदी तेलंगणातल्या आदिलाबादहूनही रुग्ण येतात. इमारती वाढल्या, यंत्रे आली. पण माझ्या मते त्या आवाराची खरी वाढ मोजायची ती अशा ताठ मानांवरून.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला संगणक द्यावेत, असे ठरते आहे. मी त्याच धंद्यातली, त्यामुळे मला आनंदच आहे. पण दुरुस्ती कोण करणार, शिकवणार कोण, हे न ठरवता दिलेली यंत्रे वर्षभरात कपड्याखाली झाकून ठेवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत. म्हणून दोन गोष्टी सुचवते. आपल्यापैकी प्रत्येकाने दोन-चार मुलांची जबाबदारी घ्यावी आणि वर्षातून काही दिवस शाळेत येऊन बसावे. आणि गावाकडूनही काहीतरी मागावे, अगदी पायलीभर का होईना. ज्यात आपला वाटा असतो, ते माणूस जपतो.