मंगळुरी कौले आणि छपराचा हिशेब
नळीची कौले कुंभार हाताने घडवी. आकार सारखा नसे, म्हणून छपराला किती लागतील हे शाकारणाऱ्याच्या नजरेवर ठरे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरच्या जेप्पू भागात कारखाना काढला. साच्यातल्या, खाचेत बसणाऱ्या कौलांमुळे हिशेब सोपा झाला: १०० चौरस फुटांस सुमारे १५० कौले. मात्र मोजायचा तो उतार, जमीन नव्हे. विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. ६०० चौरस फुटांच्या घरावर ३० अंश उताराचे छप्पर सुमारे ६९३ चौरस फूट भरते, म्हणजे १,०४० कौले. वळचण, फुटतूट, आढ्यावरची कौले वेगळी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करावी लागणारी शाकारणीही कमी झाली. घरमालकाची मजुरी वाचली, शाकारणाऱ्याचे काम तेवढे घटले.