आयडी नवा, माणूस तोच

मंडळी, या शनिवारी एका चिमुकल्या कामामागचा इतिहास. काम असं की टेबलातल्या एका ओळीची कॉपी त्याच टेबलात टाकायची. प्रायमरी की ऑटो इन्क्रिमेंट असेल तर उत्तर सोपं: आयडी सोडून बाकीचे कॉलम सिलेक्ट करा आणि इन्सर्टला द्या. नवा नंबर डेटाबेस आपला आपण टाकतो. बास, झालं!

पण हे इतकं सोपं असणं मला नेहमीच थोडं खटकतं. कारण ज्यांनी ही टेबलं कल्पिली, त्यांना हे मुळात चालणारंच नव्हतं.

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलवरचा पेपर छापला. त्यांच्या लेखी टेबल म्हणजे गणितातला संच. संचात तीच गोष्ट दोनदा येत नाही, म्हणजे हुबेहूब दोन ओळीही नाहीत. प्रत्येक ओळ वेगळी ओळखू यावी म्हणून प्रायमरी की. पुढे १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी सीक्वेल मांडली, तिचीच एसक्यूएल झाली. तिने मात्र दुहेरी ओळी चालवून घेतल्या. कॉडसाहेबांनी त्यावर नंतर जाहीर टीकाही केली.

पण खऱ्या माहितीची की करायची तर तीही दगा देते. आडनावं बदलतात. दोन कंपन्या एक झाल्या की एम्प्लॉयी नंबर एकमेकांवर आदळतात. म्हणून १९७९ च्या पेपरात कॉड यांनीच सरोगेट आणला, म्हणजे सिस्टिमने दिलेली ओळख. अट अशी की तो आकडा युजरला कधी दिसायचाच नाही. आपलं ऑटो इन्क्रिमेंट म्हणजे या सरोगेटचा धाकटा भाऊ. फक्त आपण तो आकडा यूआरएलमध्ये दाखवतो, बिलावरही छापतो.

आता गोम बघा. आयडी दरवेळी नवाच, त्यामुळे प्रायमरी की कुठल्याही कॉपीला अडवत नाही. एखाद्या हॉस्पिटलच्या डेटाबेसमध्ये एकच पेशंट ४१२ आणि ९०७ असा दोनदा असला, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी फक्त ४१२ वर नोंदलेली असली तर? डॉक्टरांनी ९०७ उघडला की संपलं. डेटाबेसच्या दृष्टीने सगळं आलबेल.

दुसरी भानगड पोरक्या ओळींची. ऑर्डरची कॉपी केली तरी तिच्यातले आयटम जुन्याच आयडीला चिकटून राहतात. आधी नवा आयडी हातात घ्यावा लागतो (मायएसक्यूएलमध्ये लास्ट इन्सर्ट आयडी, पोस्टग्रेसमध्ये रिटर्निंग), मग आयटम त्याच्या नावावर चढवायचे, आणि हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये.

मला विचाराल तर आयडी खुशाल ठेवा, पण शेजारी खऱ्या माहितीवर एक युनिक कन्स्ट्रेंटही लावा. आयडी सांगतो ओळ कुठली. माणूस कोण, हे त्याला ठाऊक नसतं. तुमच्या टेबलांत अशी दुसरी की आहे का? सोमवारी जरा बघाच.