पन्हाळा ते विशाळगड : धाव आणि वाट

उत्तर इंग्लंडच्या डोंगरांत एक कष्टाचा खेळ रूढ आहे. हाती नकाशा व होकायंत्र आणि पाठीवर शिधा व राहुटी घेऊन स्पर्धक जोडीजोडीने दोन दिवस निर्जन डोंगर धावत ओलांडतात. आखलेला मार्ग नसतो. ठरलेल्या खुणा तेवढ्या क्रमाने गाठावयाच्या असतात. ह्या स्पर्धेचा प्रारंभ १९६८ साली गेरी चार्नली याने केला. त्यापूर्वी १९३२ मध्ये केझिक गावच्या बॉब ग्रॅहॅम नामक गृहस्थाने चोवीस तासांच्या आत ४२ शिखरे पालथी घातली होती. धावपटू कितीही चपळ असो, धुक्यात दिशा चुकला की त्याची चपळाई त्याला मुक्कामापासून अधिकच दूर नेते. ह्या खेळाचे मर्म ते हेच. आणि आम्हां कोल्हापूरकरांस ते नवे नाही. आमच्या मुलखात अशी एक धाव तीन शतकांपूर्वीच झाली. तीत पणास लागले होते ते मात्र बक्षीस नव्हते.

१६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाचा वध झाल्यावर थोड्याच दिवसांत पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती आला. पुढील मार्चमध्ये विजापूरच्या सिद्दी जौहराने त्यास वेढा घातला. राजापूरच्या वखारीचा इंग्रज अधिकारी रेव्हिंग्टन तोफा घेऊन त्याच्या मदतीस आला. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडण्याचा यत्न केला, तो फसला. इकडे मे महिन्यात शाएस्तेखान पुण्यात येऊन बसला. राजा गडावर अडकलेला आणि राज्य दोन शत्रूंच्या कात्रीत, अशी ती अवस्था होती. गडावर शिधा किती उरला, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरला. महाराजांनी बाहेर पडणे अपरिहार्य झाले.

१२ जुलै १६६० च्या रात्री महाराज निघाले. सोबत सुमारे ६०० माणसे होती व महाराज पालखीत होते. दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष घेतलेला शिवा काशीद बसला व पकडला जाऊन प्राणास मुकला, असे परंपरा सांगते. पन्हाळा ते विशाळगड हे अंतर सुमारे ४० मैलांचे. ज्याने आषाढातले मसाई पठार पाहिले आहे, त्यास त्या रात्रीचे वर्णन करून सांगावयास नको. जांभ्या दगडाचे ते विस्तीर्ण सपाट माळ, वर धुके, खाली पाणी. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि चारी दिशा सारख्याच भासतात. पुढे खोतवाडी, करपेवाडी, पांढरपाणी अशा वस्त्यांच्या अंगाने ओढे, चिखल आणि रान. पावसाने शत्रूचे पहारे सैल पाडले असतील. पण तोच पाऊस वाट पुसून टाकणाराही होता. तेथे नकाशा नव्हता, होकायंत्र नव्हते. पायाखालच्या उतारावरून आणि ओढ्याच्या आवाजावरून जागा ओळखणारी माणसे मात्र सोबत असली पाहिजेत. त्यांच्यावाचून ६०० जणांचा जमाव रात्रीतून एकत्र राहणेच शक्य नव्हते.

पाठलागावर निघालेल्या मसूदापाशी घोडदळ होते. मोकळ्या माळावर पायदळाला घोड्याशी शर्यत जिंकता येत नाही. म्हणून शर्यतीचे रूपच पालटणे भाग होते. गजापूरजवळच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे निम्मे लोक घेऊन थांबले. अरुंद वाटेत घोड्याचा वेग निरुपयोगी ठरतो आणि थोडे लोक पुष्कळांस अडवू शकतात. महाराज पुढे गेले. विशाळगडाच्या पायथ्याशी सूर्यराव सुर्वे व जसवंतराव दळवी यांचा वेढा होता. तोही मोडून त्यांना वर चढावे लागले. खिंडीत बाजी पडले व ती खिंड पावन झाली. धावणाऱ्यांइतकेच श्रेय न धावता उभे राहिलेल्यांचे आहे, हे ह्या प्रसंगाचे वैशिष्ट्य होय.

श्रेयाचा विचार निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. बाजींचे नाव घरोघरी आहे, ते योग्यच आहे. बांदलांच्या लोकांनी त्या दिवशी युद्धाची शर्थ केली, हे जेधे करीन्याने नोंदवून ठेवले आहे. तथापि ते नाव आज कितीजणांच्या ओठी येते? आणि ज्यांनी चिखलातून खांदे पालटीत पालखी वाहिली ते भोई, ज्यांनी काळोखात वाट दाखविली ते वाटाडे, यांची तर नावेही उरली नाहीत. आम्ही शौर्याचा इतिहास लिहितो. श्रमाचा आणि माहितगारीचा इतिहास लिहावयाचा राहून जातो. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने अवघ्या ६० माणसांनिशी रात्रीतून पन्हाळा परत घेतला, त्याच्याही मुळाशी कड्याकपारींची हीच माहितगारी नव्हती काय?

अलीकडे दर वर्षी जुलैमध्ये शेकडो तरुण पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पायी जातात. ही प्रथा आम्हांस मनापासून प्रिय आहे. मात्र पुढच्याच्या पाठीकडे पाहत चालणे आणि वाट ओळखणे यांत अंतर आहे. जाणाऱ्यांनी वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्यास ओढ्याचे नाव विचारावे, टेकडीचे नाव विचारावे व ते टिपून ठेवावे. रस्ते डांबरी होत चालले तशी ही नावे माणसांबरोबर नाहीशी होत आहेत. ती जतन झाली, तर त्या रात्रीच्या अनाम वाटाड्यांचे ऋण थोडे तरी फिटेल.