लाल ठिपका नेमका कुठे असतो?

पब्जीत रेड डॉट सापडला की रायफलवर ओढून टाकायचा, संपलं. ठिपका जिथे, गोळी तिथे. खऱ्या वस्तूचं तसं नसतं, मग ती वस्तू प्लॅस्टिकचे ६ मिमीचे छर्रे मारणारी एअरसॉफ्ट रायफल का असेना. ठिपका आणि नळी यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते. त्याला म्हणतात झिरो करणं.

माझ्या आतेभावाने अशी रायफल आणली तेव्हा मला तिच्यापेक्षा वर बसवलेल्या काचेचं कुतूहल जास्त होतं. शोधत गेलो आणि थेट पुण्यात पोचलो.

जुन्या बंदुकीला मागे खाच, पुढे माशी. नेम धरताना खाच, माशी आणि निशाण तिन्ही एका रेषेत आणायचं. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो. माशी नीट दिसली की निशाण धूसर. डब्लिनचे सर हॉवर्ड ग्रब यांनी यावर तोड काढली आणि १९०० साली पेटंट घेतलं. ते मुळात दुर्बिणी बनवणारे. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतली २० इंची परावर्ती दुर्बीण त्यांच्याच कारखान्यातली. भावनगरच्या महाराजांची देणगी मिळवून कावस नायगमवालांनी ती उभी केली होती. त्या काळी भारतात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि ती कोडाईकनालला गेली.

ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत समांतर किरणांत येतो, हे दुर्बीणवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ग्रब यांनी एका खुणेचा प्रकाश भिंगातून समांतर केला आणि तिरक्या अर्धपारदर्शक काचेवरून डोळ्यात पाठवला. खूण काचेवर नसतेच. ती ताऱ्याइतकी दूर तरंगल्यासारखी दिसते, म्हणून निशाणाबरोबरच स्पष्ट दिसते आणि डोकं जरा हललं तरी जागा सोडत नाही. (स्वस्त साइटमध्ये थोडी सोडते, तो भाग वेगळा.)

ही युक्ती आधी लढाऊ विमानांत गेली. रायफलवर यायला छोटा आणि कमी वीज खाणारा दिवा हवा होता. लाल एलईडी १९६२ मध्ये आला आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने शिकाऱ्यांसाठी पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट बाजारात आणली. जपानमध्ये खरी बंदूक बाळगणं जवळपास अशक्य, म्हणून तिथे एअरसॉफ्ट फोफावलं आणि काच खेळण्यावर चढली.

आम्ही झिरो केलं ते कापूस निघालेल्या वावरात. पोलीस पाटलांना आधी सांगून, कारण लांबून ती रायफल खरीच दिसते. डोळ्यांना गॉगल. धुऱ्यावर पोतं बांधून त्यावर कागद लावला आणि २५ मीटर टेपने मोजले. आधी हॉप-अप लावून घ्यायचं. ते छर्र्याला उलटी गिरकी देतं आणि त्यावरच तो किती सरळ जाणार ते ठरतं. झिरो केल्यावर हॉप-अपला हात लावला तर सगळं पहिल्यापासून.

रायफल टेकवून पाच छर्रे मारायचे, एका छर्र्यावर विश्वास ठेवायचा नाही. पाचांचा मध्य बघायचा. आमचा मध्य ठिपक्याच्या चार बोटं खाली आला. स्क्रूवर ‘वर’चा बाण असतो, तिकडे फिरवायचं. गंमत अशी की त्याने काचेतला ठिपका खाली सरकतो. आपण ठिपका छर्र्यांकडे नेतो. मग तो पुन्हा निशाणावर धरला की नळीच वर उचलली जाते. एका टिचकीने २५ मीटरवर जेमतेम ७ मिलिमीटर फरक पडतो. आमचे छर्रेच तळहाताएवढ्या जागेत पसरत होते, त्यामुळे एकेक टिचकी मोजत बसण्यात अर्थ नव्हता. दुपारी उन्हात ठिपका दिसेनासा झाला, तेव्हा चारपर्यंत थांबलो.

काच नळीच्या दोन-अडीच इंच वर असते. म्हणजे दोन रेषा एका ठरावीक अंतरावरच जुळतात. पाच मीटरवर छर्रा ठिपक्याच्या खाली लागतो, चाळीसवर तो पडायला लागलेला असतो.

यवतमाळात बंदुकीचा विषय निघाला की गोष्ट २ नोव्हेंबर २०१८ वर येतेच. राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ त्या रात्री टी-१ वाघीण, म्हणजे अवनी, मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं होतं. आधी बेशुद्ध करा, नाहीच जमलं तर मारा, असा आदेश होता. नंतरचा बराच वाद डार्टभोवती फिरला. आमच्याकडे आजही चहाच्या टपरीवर लोक विचारतात, डार्ट मारायला काय लागतं? डार्ट गोळीसारखा जात नाही. तो जड आणि संथ, आमच्या छर्र्यासारखा वाकत जातो, आणि बंदुकीतला गॅसचा दाब अंतर बघून ठरवावा लागतो. अंतर चुकलं तर डार्ट एक तर पोचत नाही, नाहीतर जनावराला जखमी करतो. तिथे टेप घेऊन कुणी उभं नसतं.

संध्याकाळी आम्ही छर्रे वेचले. काळ्या मातीत पांढरे लगेच दिसतात. पऱ्हाटीच्या खुंटांमधले मात्र बरेच राहिले.