टी-वन (ई-क्रीडा संस्था)

टी-वन ही दक्षिण कोरियातील व्यावसायिक ई-क्रीडा संस्था आहे. तिचे मुख्यालय सोल येथे असून २०१९ पर्यंत ती ‘एसके टेलिकॉम टी-वन’ या नावाने ओळखली जात असे. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या संगणकीय खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिच्या संघाने २०१३, २०१५, २०१६, २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सहा वेळा जिंकली आहे. इतकी विजेतेपदे अन्य कोणत्याही संघाने मिळवलेली नाहीत.

पार्श्वभूमी आणि स्थापना

१९९७ च्या आर्थिक संकटानंतर दक्षिण कोरियाच्या सरकारने वेगवान इंटरनेटचे जाळे उभारण्यावर भर दिला. त्याच काळात तासाच्या भाड्याने संगणक वापरू देणारी ‘पीसी बांग’ नावाची केंद्रे शहरोशहरी निघाली. १९९८ साली आलेला ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ तेथे अतिशय लोकप्रिय झाला व त्याचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवले जाऊ लागले. कोरियात व्यावसायिक बेसबॉल संघ बहुधा मोठ्या उद्योगसमूहांच्या मालकीचे असतात. ई-क्रीडेतही तोच प्रघात पडला. लिम यो-ह्वान (टोपणनाव ‘बॉक्सर’) या नामवंत खेळाडूच्या संघाला २००४ साली एसके टेलिकॉम या दूरसंचार कंपनीने आश्रय दिला आणि या संस्थेचा जन्म झाला. स्टारक्राफ्टची ‘प्रोलीग’ ही सांघिक स्पर्धा २०१६ साली बंद झाल्यावर संस्थेने तो संघ विसर्जित केला. तोपर्यंत दुसऱ्या खेळात तिचा जम बसला होता.

लीग ऑफ लेजेंड्स

या खेळात पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ परस्परांचा मुख्य तळ उद्ध्वस्त करण्याचा प्रयत्न करतात. संस्थेने २०१२ च्या अखेरीस या खेळात प्रवेश केला. २०१३ साली ली सांग-ह्योक (टोपणनाव ‘फेकर’) हा सोळा वर्षांचा खेळाडू संघात आला. प्रशिक्षक किम जोंग-ग्युन यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथे पहिले जागतिक विजेतेपद मिळवले. २०१४ साली संघ जागतिक स्पर्धेस पात्रही ठरला नाही. मात्र २०१५ साली संपूर्ण स्पर्धेत केवळ एक डाव गमावून तो पुन्हा अजिंक्य ठरला.

पडता काळ

२०१७ साली बीजिंग येथील अंतिम सामन्यात सॅमसंग गॅलेक्सी संघाने टी-वनचा ३-० असा पराभव केला. २०१८ आणि २०२० साली संघ जागतिक स्पर्धेस अपात्र ठरला. दरम्यान २०१९ साली एसके टेलिकॉम आणि अमेरिकेतील कॉमकास्ट स्पेक्टाकोर यांनी संयुक्त कंपनी स्थापन केली व संस्थेचे नाव केवळ ‘टी-वन’ असे झाले. २०२० च्या करारानुसार ली याला संस्थेच्या मालकीत वाटा मिळाला. २०२२ च्या वसंत हंगामातील साखळी फेरीत संघाने अठराही सामने जिंकले; परंतु त्या वर्षीच्या जागतिक अंतिम सामन्यात डीआरएक्स संघाकडून तो ३-२ असा हरला.

पुनरुत्थान

२०२३ साली हाताच्या दुखापतीमुळे ली काही आठवडे खेळू शकला नाही. त्याच्या अनुपस्थितीतील आठपैकी सात सामने संघाने गमावले आणि संस्था एका खेळाडूवर किती विसंबून आहे, हे उघड झाले. तो परतल्यावर संघाने सोल येथे वैबो गेमिंगला ३-० असे हरवून सात वर्षांनी जागतिक विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी हांगचौ आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या कोरियाच्या संघात टी-वनचे तीन खेळाडू होते. या पदकामुळे त्यांना सक्तीच्या पूर्ण मुदतीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली. कोरियातील तरुण खेळाडूंची कारकीर्द या सेवेमुळे अनेकदा खंडित होते.

२०२४ साली लंडन येथे आणि २०२५ साली चेंगडू येथे अंतिम सामने ३-२ अशा फरकाने जिंकून संघाने सलग तीन जागतिक विजेतेपदे मिळवली. अशी कामगिरी करणारा तो पहिलाच संघ होय. पंचविशीतच खेळाडू निवृत्तीकडे झुकतात अशा या क्षेत्रात, २०१३ आणि २०२५ या दोन्ही विजेत्या संघांत खेळलेला ली हा एकमेव खेळाडू आहे.